घोड्यावरच्या प्रात्यक्षिकासाठी धोप घडवून घेताना

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपला बारा स्वारांचा गट आहे, येत्या शिवजयंतीला गडाच्या पायथ्याशी सतराव्या शतकातील मराठा घोडदळाचे प्रात्यक्षिक करण्याचा आपला बेत आहे, आणि त्यासाठी आपल्याला स्वतःच्या हातासाठी एक धोप, म्हणजे लांब सरळ पात्याची मराठा तलवार, घडवून घ्यायची आहे. कारागिराला आपण ४२ इंचांचे पाते, २ किलो वजन, दमास्कस पोलाद आणि खरी धार असे सांगून ठेवले आहे, आणि आता आपण विचारता की पोलाद हेच योग्य आहे का व सांगितलेली किंमत वाजवी आहे का. घोड्यावर बसून तलवार चालवणे आणि इतरांसाठी तशा तलवारी घडवून घेणे, ही दोन्ही कामे मी गेली वीस-बावीस वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नाचे मूळ पोलादात नाही आणि किमतीतही नाही. ही तलवार नेमके कोणते काम करणार आहे, हे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरेपर्यंत कारागिराला दिलेले प्रत्येक माप हा केवळ अंदाज राहतो.

घोड्यावरच्या प्रात्यक्षिकात तलवारीला साधारणपणे तीन वेगळी कामे पडतात. पहिले मिरवण्याचे आणि रांगेत उभे राहण्याचे, दुसरे समोरच्या स्वाराशी ठरवून केलेल्या लढतीचे, आणि तिसरे खांबावरचे लिंबू, दुधी भोपळा किंवा केळीचा बुंधा भर दौडीत कापून दाखवण्याचे. पहिल्या कामाला दिसणे महत्त्वाचे, दुसऱ्याला बोथट आणि लवचिक पाते हवे, तिसऱ्याला धार हवी. लढतीच्या पात्याची कड किमान २ मिलिमीटर जाड आणि टोक गोल असायला हवे, आणि अशा पात्याने भोपळा कापला जात नाही, तो फुटतो. धारेच्या पात्याने लढत करणे म्हणजे माणसाच्या बोटांशी आणि घोड्याच्या डोळ्यांशी खेळणे आहे. त्यामुळे एकाच तलवारीत तिन्ही कामे बसवण्याचा आग्रह आधी सोडावा. आपल्या गटाच्या प्रात्यक्षिकात लढत आहे आणि कापणे नाही, असे आपण लिहिले आहे, म्हणून पुढचे सगळे मी बोथट धोपेच्या संदर्भात लिहितो. पुढेमागे कापण्याचा प्रकार सुरू केलात, तर त्यासाठी वेगळी तलवार करावी, तिच्या म्यानाचा रंग वेगळा ठेवावा आणि ती लढतीच्या दिवशी मैदानात आणूच नये.

आता लांबी. ४२ इंच म्हणजे जवळजवळ १०७ सेंटीमीटर. हा आकडा कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे, कारण हल्ली अनेकजण मुठीसकट पूर्ण तलवारीची लांबी वाचतात आणि ती पात्याची समजतात. मला ज्या थोड्या जुन्या सरळ पात्याच्या तलवारी हातात घेऊन मापता आल्या, त्यांची पाती बहुतेक ८० ते ९५ सेंटीमीटरच्या दरम्यान होती. परंतु जुने माप तेच आपले माप, असेही मी म्हणणार नाही. आपण हिशेब करून पाहू. आपला घोडा १४ हात (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच), म्हणजे ५६ इंच किंवा सुमारे १४२ सेंटीमीटर उंचीचा आहे असे धरू. खोगिरावर बसल्यावर आपला खांदा जमिनीपासून साधारण २ मीटरवर येतो. हात ६० सेंटीमीटर आणि पाते ८५ सेंटीमीटर धरले, तर अजिबात न वाकता पात्याचे टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे उभ्या माणसाच्या ढालीपर्यंत किंवा शेजारच्या स्वारापर्यंत पोहोचायला ८५ सेंटीमीटर पुरेसे आहेत. लांब पात्याचा खरा उपयोग खाली बसलेल्या वा पडलेल्या शत्रूपर्यंत आणि समोरून येणाऱ्या भालाईतापर्यंत पोहोचण्यात होता, आणि प्रात्यक्षिकात ही दोन्ही कामे आपण करत नाही, करूही नयेत.

लांबीवर दुसरी आणि अधिक कडक मर्यादा म्यानाची आहे. जमिनीवर उभे राहून तलवार उपसताना डावा हात म्यान मागे ओढतो, त्यामुळे लांब पातेही सहज बाहेर येते. घोड्यावर डावा हात लगामात अडकलेला असतो. उजव्या हाताच्या एकाच ओढीत पाते पूर्ण बाहेर यावे लागते, आणि सरळ पात्याला वक्र पात्यासारखी वळणातून निसटण्याची सोय नसते. आपली उंची आपण साडेपाच फूट लिहिली आहे. त्या उंचीला ८४ ते ८६ सेंटीमीटरच्या पुढे सरळ पाते गेले, तर टोक म्यानाच्या तोंडाशी अडकते, स्वार नकळत लगाम खेचतो आणि घोडा तोंड वर करतो. उपसण्यापेक्षाही परत म्यान करणे अवघड आहे. चालत्या घोड्यावर खाली न पाहता ते करू नये, किंबहुना आमच्या गटात घोडा पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही तलवार म्यान करत नाही, आणि या एका नियमामुळे मांड्यांवरच्या जखमा जवळजवळ बंद झाल्या.

वजनाबद्दल मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण २ किलोचा आकडा आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो आणि त्यानेच सर्वांत जास्त मनगटे दुखावतात. लढाईत वापरलेल्या एकहाती तलवारी बहुतेक एक किलोच्या मागेपुढे भरतात, आणि पिंजऱ्यासारखी परज (मुठीवरचे हाताचे संरक्षण) असलेली लांब तलवार असली तरी ती सव्वा किलोच्या फार पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. मग बाजारातल्या प्रतिकृती इतक्या जड का होतात? कारण त्या सपाट पट्टीतून घासून काढलेल्या असतात. ९० सेंटीमीटर लांब, ३.२ सेंटीमीटर रुंद आणि टोकापर्यंत सारखीच ५ मिलिमीटर जाड अशी पट्टी घेतली, तर तिचे घनफळ १४४ घन सेंटीमीटर आणि वजन ११०० ग्रॅमच्या वर जाते. त्यावर ४०० ग्रॅमची मूठ चढली की आकडा दीड किलोच्या पुढे सरकतो, आणि हे वजन टोकाकडे असल्यामुळे हातात ते दोन किलोसारखे लागते. जुने लोहार पाते मुठीपाशी ५ ते ६ मिलिमीटर जाड ठेवून टोकाकडे निमुळते करत नेत, आणि मधून खोबण काढत. ८५ सेंटीमीटर लांबीच्या पात्याची सरासरी जाडी ३.३ मिलिमीटर आणि सरासरी रुंदी २.९ सेंटीमीटर आली, तर खोबणी न मोजताही ते साडेसहाशे ग्रॅमच्या आतच राहते. म्हणून कारागिराला केवळ वजन सांगू नका. मुठीपाशी, मध्यावर आणि टोकापासून चार बोटे अलीकडे, अशा तीन ठिकाणची जाडी लिहून द्या. तीन ठिकाणची जाडी विचारल्यावर जो कारागीर गोंधळतो, त्याच्याकडे पाते घडवण्याचे काम देऊ नये. मूठ करण्यात तोच माणूस निष्णात असू शकतो, आणि ते काम त्याला जरूर द्यावे.

समतोल हा वजनाइतकाच महत्त्वाचा आहे. तलवार बोटावर आडवी तोलली असता ती परजेच्या पुढे १० ते १३ सेंटीमीटरवर स्थिर राहिली, तर घोडा दुडक्या चालीत असतानाही पाते हवे तिथे थांबवता येते. समतोल २० सेंटीमीटरच्या पलीकडे गेला, तर तलवार स्वाराला ओढत नेते. पायी माणूस असे ओढले जाणे पाऊल टाकून सावरतो, स्वाराला टाकायला पाऊलच नसते, तो कमरेतून वाकतो, त्याचे वजन एका रिकिबीवर जाते आणि घोड्याला वळण्याचा इशारा मिळतो. सरावात घोडा विनाकारण उजवीकडे झुकतो अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या काही स्वारांची अडचण त्यांच्या तलवारीत निघाली होती.

मुठीचा विचार मी खरे तर सर्वांत आधी करतो, पण बहुतेकांना आधी पाते ऐकायचे असते म्हणून तो इथे मांडतो. आपल्याकडच्या जुन्या मुठी हातात घेतल्या की त्या लहान वाटतात आणि लोक लगेच म्हणतात की पूर्वजांचे हात लहान होते. मला हे पटत नाही. मूठ मुद्दाम घट्ट बसेल अशी केलेली असते, आणि अनेकदा पहिले बोट ठोल्याच्या (मुठीपुढच्या आडव्या दांड्याच्या) पुढे घेऊन धरल्यास तीच मूठ बरोबर बसते. मागची वाटी मनगटाला टेकते आणि मनगट फार वाकू देत नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि कोपरातून निघतो. घोड्यावर हे बंधन वरदान ठरते, कारण घोड्याच्या प्रत्येक उसळीबरोबर पाते हलत नाही. आपण कोल्हापूर परंपरेचे मर्दानी खेळ शिकला आहात असे लिहिले आहे. त्या शिक्षणाचा मला आदर आहे आणि त्याने आलेली नजर व पल्ल्याची जाण घोड्यावर फार उपयोगी पडते, परंतु मनगटातून तलवार फिरवण्याची सवय मात्र खोगिरावर बसण्यापूर्वी सोडावी लागते. फिरणारे पाते अर्ध्या वर्तुळात घोड्याच्या कानापाशी येते, आणि तो कान सरळ उभा असतो की मागे पडलेला, हे त्या क्षणी आपल्या हातात नसते.

मुठीचे माप असे घ्या: मूठ वळल्यावर चार बोटांची रुंदी, आपण हातमोजा घालणार असाल तर मोज्यासकट, आणि त्यात जास्तीत जास्त ५ मिलिमीटर. धोपेच्या परजेत आतून गादी असते, तिची जाडीही आधी ठरवावी, कारण कारागीर गादी शेवटी बसवतो आणि तोवर हाताची जागा कमी झालेली असते. मुठीच्या टोकाला निघालेला जो दांडा असतो, ज्याला बरेच जण गज म्हणतात, तो दोन्ही हातांनी वार करताना धरण्यासाठी आणि मागून हाताला आधार मिळावा म्हणून असतो. घोड्यावर तो दोन ठिकाणी त्रास देतो: वार करून हात मागे आला की तो हाताच्या आतल्या बाजूला लागतो, आणि तलवार म्यानात असताना स्वार पुढे वाकला की तो पोटात टोचतो. तो काढून टाकू नका, कारण त्या काळच्या तलवारीची ती ओळख आहे. मात्र त्याचे टोक बोंडासारखे गोल करा, आणि त्याची लांबी पुढे सांगितलेल्या लाकडी नमुन्यावर बसून ठरवा.

पाते आणि मूठ यांचा जोड ही जागा अशी आहे की तिथे मी कोणाशीही तडजोड करत नाही. बरीच वर्षे झाली, आमच्या एका सरावात एका स्वाराच्या तलवारीचे पाते मुठीतून निघून घोड्याच्या मानेजवळून पुढे गेले. नंतर पाहिले तर पात्याला मागे केवळ एक बारीक सळई वितळजोड करून लावलेली होती आणि ती जोडापाशी तुटली होती. भिंतीवर टांगण्यासाठी केलेल्या स्टेनलेस तलवारी बहुधा अशाच असतात, आणि त्या बाहेरून ओळखू येत नाहीत. जुन्या तलवारींमध्ये पात्याचा मागचा आखूड भाग पोकळ मुठीत घालून लाख किंवा राळ ओतून पक्का करण्याची पद्धत होती. ती पद्धत वाईट नाही, पण लाख उष्णतेने मऊ होते. मे महिन्यात बंद गाडीत उन्हात ठेवलेली अशीच एक तलवार संध्याकाळी माझ्याच हातात डुगडुगू लागली होती. धोपेचा फायदा असा की तिच्या परजेला पात्याच्या दोन्ही अंगांना पकडणाऱ्या पट्ट्या असतात आणि त्यांतून आरपार रिबिटा मारता येतात. आपण सांगताना असे सांगा: पात्याचा मागचा भाग पात्याच्याच पोलादातून अखंड निघालेला असावा, जिथे तो पात्याला मिळतो तिथले कोपरे काटकोनात न कापता गोलाईत ठेवावेत, तो मुठीच्या शेवटापर्यंत जावा, आतली पोकळी लाखेऐवजी इपॉक्सीने भरावी, आणि पट्ट्यांतून किमान दोन रिबिटा असाव्यात. काटकोनी कोपऱ्यातच भेग सुरू होते. बाहेरून हे काहीच दिसणार नाही, त्यामुळे मूठ बसवण्यापूर्वीचे छायाचित्र मागून घ्यावे, आणि शक्य असल्यास त्या दिवशी स्वतः जाऊन उभे राहावे.

आता आपण ज्याने सुरुवात केली त्या पोलादाकडे येतो. आज दमास्कस म्हणून जे विकले जाते, ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकमेकांवर ठोकून जोडलेले असते. दक्षिणेत ज्या पोलादासाठी आपली ख्याती होती, ते मुशीत वितळवून केलेले पोलाद वेगळे. तेलंगणातील कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र होते, आणि त्यावरची नक्षी ही पोलादाच्या घडणीतूनच उमटत असे. थर जोडलेल्या पोलादात प्रत्येक थराच्या जोडात दोष राहण्याची शक्यता असते, आणि एकमेकांवर आदळणाऱ्या पात्यात तो धोका पत्करण्याचे काही कारण मला दिसत नाही. लढतीच्या बोथट पात्यासाठी मी ईएन-४५ हे सिलिकॉन-मँगनीज असलेले स्प्रिंगचे पोलाद वापरतो. ट्रकच्या कमानपाट्यांचे पोलादही याच जातीचे असते, आणि आपल्याकडचे अनेक लोहार त्यातूनच काम करतात. जुन्या पाट्यात मात्र वर्षानुवर्षे खड्डे खाऊन सूक्ष्म भेगा पडलेल्या असू शकतात, म्हणून नवी पट्टी विकत घेऊन द्यावी. पट्टीचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो.

पोलादाचे नाव सांगून काम संपत नाही, कारण पात्याला पाणी कसे दिले, म्हणजे तापवून एकदम थंड करून ते कठीण कसे केले, यावर त्याचे आयुष्य ठरते. लढतीच्या पात्याची कठीणता रॉकवेल सी मापावर ४५ ते ५० च्या दरम्यान असावी. त्याहून जास्त झाली तर कड तुटून कपच्या उडतात, आणि त्या कपच्या घोड्याच्या डोळ्यात जाऊ शकतात. त्याहून कमी झाली तर पाते वाकून तसेच राहते. गावातले उत्तम लोहार पाते ठोकून अप्रतिम आकार देतात, परंतु जवळजवळ एक मीटर लांब पाते भट्टीत सर्वत्र सारखे तापवणे हे उघड्या भात्यावर फार कठीण आहे. म्हणून मी काम वाटून देतो: घडणे लोहाराकडे, आणि पाणी देणे व ते उतरवणे (पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा घालवणे) पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूरच्या शिरोली परिसरातल्या उष्णता-प्रक्रिया करणाऱ्या एखाद्या कारखान्यात. तिथे जाण्यापूर्वी भट्टीची खोली विचारून घ्या, कारण अनेक भट्ट्यांत इतके लांब पाते बसतच नाही, आणि पाते उभे टांगूनच तापवायला सांगा, आडवे ठेवले तर ते वाकते. कठीणतेचा लेखी दाखला मागा. पाते परत आल्यावर त्याचे टोक लाकडावर टेकवून हळूहळू वाकवून पाहा. मधोमध चार बोटे बाक येऊन सोडताच ते पूर्ण सरळ झाले, तर काम बरोबर झाले आहे.

इथवरचे थोडक्यात असे: पाते ८४ ते ८६ सेंटीमीटर, एकूण वजन ११०० ग्रॅमच्या आसपास आणि कोणत्याही परिस्थितीत १२५० च्या आत, समतोल परजेपुढे १० ते १३ सेंटीमीटर, कड २ मिलिमीटर, टोक गोल, पोलाद ईएन-४५, जोड अखंड आणि रिबिटांनी बांधलेला. आपला घोडा १४ हातांपेक्षा बराच उंच असेल, किंवा आपले हात उंचीच्या मानाने लांब असतील, तर लांबी दोन-तीन सेंटीमीटरने बदलेल. बाकीचे आकडे फारसे बदलणार नाहीत.

हे आकडे कारागिराला देण्यापूर्वी एक काम करा, आणि माझ्या संपूर्ण उत्तरातले एकच पाळायचे असेल तर हेच पाळा. सागवानी पट्टीतून त्याच लांबीचा नमुना कापून घ्या, मुठीच्या जागी मूठ आणि गज करून घ्या, शिशाच्या पट्ट्या गुंडाळून वजन आणि समतोल वर लिहिल्याप्रमाणे आणा, त्याला साजेसे पुठ्ठ्याचे वा पातळ लाकडाचे म्यान करा, आणि तो नमुना घेऊन पंधरा दिवस घोड्यावर सराव करा. म्यान घोड्याच्या कुशीवर कुठे आपटते, पडदळे (म्यान अडकवायचा पट्टा) किती आखूड करावे लागते, गज कुठे टोचतो, हात किती वेळाने भरून येतो, हे सगळे त्या पंधरा दिवसांत कळते आणि बदल करायला एक रंधा पुरतो. माझ्याकडे आलेल्या दहापैकी सात-आठ जणांनी या टप्प्यावर लांबी कमी करून घेतली आहे. शिवाय घोड्याचाही या वस्तूशी परिचय होतो. म्यानाचा खडखडाट आणि डोळ्याच्या कडेला हलणारी लांब वस्तू यांची सवय त्याला लाकडावरच लागलेली बरी.

म्यान हलक्या लाकडाचे करा आणि वरून चामडे किंवा मखमल चढवा. चामडे पात्याला थेट लागू देऊ नका, कमावलेल्या चामड्यात उरलेली द्रव्ये पोलादावर गंज आणतात आणि पावसाळ्यात ते फार लवकर होते. म्यानाचे तोंड पात्यापेक्षा थोडे पसरट ठेवले तर न पाहता म्यान करणे सोपे जाते. खालचे तैनाळ (म्यानाच्या टोकाची टोपी) गोल आणि गुळगुळीत असावे, कारण तेच घोड्याच्या कुशीला घासते. मनगटाला दोरी बांधावी की नाही यावर मतभेद आहेत. स्वार पडला तर बांधलेली तलवार त्याच्यासोबत पडते, आणि न बांधलेली सुटली तर मागच्या घोड्याच्या पायात येते. मी जोराचा हिसका बसताच तुटेल अशी सुती दोरी वापरतो.

ऐतिहासिकतेबद्दल आपण थेट काही विचारलेले नाही, पण बेत वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपण बारगीर दाखवणार की शिलेदार, हे ठरवा. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, त्यामुळे त्याच्या तलवारीवर सोन्याची कोफ्तगरी (पोलादात जडवलेली नक्षी) शोभत नाही. शिलेदार स्वतःच्या खर्चाने येई, त्याची ऐपत हत्यारात दिसू शकते. बारा स्वारांपैकी नऊ-दहा साध्या लोखंडी मुठीचे आणि दोन सजवलेल्या मुठीचे असले, तर ते दृश्य खरे वाटेल. दुसरे, पाते विलायती आणि मूठ देशी असणे हा त्या काळचा सर्रास प्रकार होता. अशा विलायती पात्याच्या तलवारीचे फिरंग हे नावच त्यातून आले. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला दिली गेलेली जगदंबा तलवार आणि २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार, या दोन्हींची पाती युरोपीय घडणीची आहेत. त्यामुळे आपल्या पात्याला खोबणी असल्या किंवा ते अगदी सरळ असले, तर ते मराठी नाही असे कोणी म्हटल्यास मनाला लावून घेऊ नये. परंतु जुन्या पात्यावरचे विलायती शिक्के किंवा जुने लेख आपल्या पात्यावर उमटवून घेऊ नका. त्याऐवजी कारागिराचे चिन्ह आणि घडवल्याचे साल मुठीच्या आतल्या बाजूला कोरून घ्या, म्हणजे पन्नास वर्षांनी ही तलवार कोणी अस्सल म्हणून विकू शकणार नाही. मापांसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहून या. काचेबाहेरूनही परजेचा आकार आणि पात्याचे निमुळतेपण समजते. घरात खरीखुरी जुनी तलवार असेल तर ती मैदानात आणू नका आणि तिची मूठही बदलू नका. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, आणि एकदा घासलेला जुना पृष्ठभाग परत येत नाही.

कायद्याचे सांगायचे तर मी वकील नाही, पण हे टाळून पुढे जाणे योग्य नाही. ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या तलवारी शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांच्या यादीत येतात. केवळ खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि कामाचे शस्त्र बनवता येणार नाही अशी वस्तू त्या व्याख्येतून वगळलेली आहे, परंतु पोलादाचे बोथट पाते घासून धार लावता येते, म्हणून बोथट आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. शिवाय सणासुदीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत तलवारी बाळगण्यावर बंदी असते. आम्ही काम सुरू करण्यापूर्वीच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देतो, त्यासोबत कार्यक्रमाचे पत्र, तलवारींची संख्या, छायाचित्रे आणि त्या बोथट असल्याचे निवेदन जोडतो, आणि लेखी उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम देतो. प्रवासात तलवारी कुलपाच्या पेटीत आणि अर्जाची प्रत पेटीच्या झाकणात ठेवतो. कारागिराकडे असे काम करण्याचा परवाना आहे का, हेही विचारा. चांगला कारागीर त्याने दुखावत नाही.

किमतीबद्दल कारागिराचा आकडा योग्य की अयोग्य हे मी इथून सांगू शकत नाही, कारण त्यात घडणे आहे की नुसते घासणे, मूठ ओतीव आहे की ठोकून केलेली, हे आपण लिहिलेले नाही. मात्र पैसे कसे द्यावेत हे सांगता येते. एक तृतीयांश कामाच्या आरंभी द्या, एक तृतीयांश पाते पाणी देऊन, पॉलिश न करता, काळ्या अवस्थेत पाहिल्यावर, आणि उरलेले पूर्ण तलवार हातात घेऊन, तोलून, घोड्यावर एकदा वापरून झाल्यावर. काळ्या पात्यातला दोष दिसतो, पॉलिश झाल्यावर तो झाकला जातो. लेखी कागदावर वजनाची मुभा ५० ग्रॅम आणि समतोलाची मुभा १ सेंटीमीटर अशी नोंद करा, सोबत खऱ्या मापाचे रेखाचित्र जोडा, आणि बाहेर गेलेले काम परत घ्यायचे की नाही हे आधीच ठरवा. नमुन्यापासून तलवार हातात येईपर्यंत पाच महिने धरावेत, त्यात दोनदा तरी काहीतरी पुन्हा करावे लागते.

शेवटी लढतीविषयी. आपण भर दौडीत पोलादावर पोलाद आदळण्याचा प्रसंग ठेवला आहे, तो बदलावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन घोडे समोरासमोर दौडत आले तर दोघांचा वेग एकत्र होतो, आणि बोथट पात्याचाही फटका हाड मोडू शकतो. पोलादाची लढत घोडे चालीत असताना, उजवी बाजू उजव्या बाजूला ठेवून, ठरलेल्या तीन-चार वारांची करा, आणि त्यांतला एकही वार खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. दौडीच्या प्रसंगात तलवार उंच धरून एकमेकांपासून दोन घोड्यांच्या अंतरावरून निघून जा. प्रेक्षकांना दुरून त्यातला फरक कळत नाही, घोड्यांना मात्र कळतो. आपल्या तळहाताचे माप आणि घोड्याची उंची कळवलीत, तर लाकडी नमुन्याचे रेखाचित्र मी स्वतः काढून देईन.